मुलांचं पहिलं पुस्तक छापून आल्यावर: सह्या, निधी आणि घरातलं कुत्रं-मांजर

छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे घरी येतात, पेढे वाटून होतात, नातेवाईक फोटो मागून घेतात आणि मग काही आठवडे काहीच घडत नाही. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांना याची सवय करून घ्यावी लागते. मोठ्यांच्या कादंबरीवर निदान कुठे तरी परीक्षण येतं. बालसाहित्याला रविवारच्या पुरवणीत चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. प्रकाशकाकडे जाहिरातीला पैसा नसतो. मग लेखकच पिशवी घेऊन बाहेर पडतो, आणि एकदा बाहेर पडला की बोलावणी सुरू होतात. शाळेत या. आमच्या सोसायटीच्या गणपतीत गोष्ट सांगा. वाचनालयाच्या बालविभागासाठी निधी जमवतोय, तुमचं नाव पत्रिकेत घालू का? आणि पुस्तकात कुत्रं असेल तर, "त्याला पण आणा ना!"

अशी बोलावणी पहिल्यांदाच येऊ लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. त्या दिवशी तुमचं खरं काम एकच असतं: टेबलापलीकडे उभ्या असलेल्या पोराकडे मिनिटभर पूर्ण लक्ष देणं. पैसे, पावत्या, माइक, सत्कार, कुत्रं या सगळ्यांची सोय आधी लागलेली असेल तरच ते मिनिट हाताशी राहतं. म्हणून या लेखातला बराचसा मजकूर कार्यक्रमाच्या आधीचा आहे.

पहिली पायरी: तारीख

नव्या लेखकाला आधी मोठे दिवस सुचतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २४ डिसेंबरची साने गुरुजींची जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन. पण त्या दिवशी शाळेत भाषणं, प्रभातफेरी, वेशभूषा, वरून मागवलेले फोटो असा सगळा कार्यक्रम ठरलेला असतो. तुम्ही त्या यादीतली एक ओळ होता. शिवाय ऑक्टोबरात सहामाही परीक्षा असते, आणि बालदिन बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या अगदी काठावर येतो.

त्यापेक्षा मोकळे आठवडे निवडा. जुलैचा दुसरा पंधरवडा उत्तम. प्रवेशाची धावपळ संपलेली असते, पाऊस असल्यामुळे मैदानाचे तास बुडतात आणि शिक्षकांना वर्गात काही तरी हवंच असतं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तिथे ऑगस्ट धरा. डिसेंबर-जानेवारी हा स्नेहसंमेलनांचा काळ, तेव्हा मुख्याध्यापकांना फोनसुद्धा करू नका. मे महिना शाळांसाठी बाद, पण वाचनालयांच्या उन्हाळी शिबिरांसाठी चांगला.

जिल्हा परिषदेच्या शाळांत शनिवार सोयीचा. सकाळची शाळा असते आणि 'आनंददायी शनिवार' या उपक्रमामुळे गोष्टीसाठी तास मागायला संकोच वाटत नाही.

साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकाच्या गाळ्यावर बसायचा योग आला तर जरूर बसा, पण अपेक्षा माफक ठेवा. तिथे येणारे बहुतेक प्रौढ असतात आणि नातवासाठी पुस्तक घेताना "नाव नका लिहू, कोणाला द्यायचं ते ठरवतो" असं म्हणतात. सकाळच्या वेळी सहकुटुंब येणारे जास्त असतात. साताऱ्याजवळच्या भिलारला, म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेल्या पुस्तकांच्या गावाला, एकदा वाचक म्हणून जाऊन या. मुलं पुस्तक कसं निवडतात, कोणत्या पानाला टाकून देतात, हे तिथे कोपऱ्यात बसून बघता येतं.

जागा आणि आमंत्रण

पहिला कार्यक्रम आपल्याच भागातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात करा. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अ, ब, क, ड वर्गांतली मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. त्यांना वर्षभरात केलेले उपक्रम अहवालात दाखवायचे असतात, त्यामुळे ग्रंथपाल नाही म्हणत नाहीत. मुंबई-ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या शतक ओलांडलेल्या मोठ्या संस्थांकडे नंतर वळा. आधी जिथे वीसेक मुलं सतरंजीवर बसतील अशी खोली शोधा.

शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांना पानभर पत्र लिहा. पत्रात पुस्तकाचं नाव, कोणत्या इयत्तेसाठी, किती वेळ, काय करणार आणि विक्री करणार की नाही, एवढं स्पष्ट असावं. शेवटचा मुद्दा गाळू नका. बऱ्याच शाळांना आवारात विक्री चालत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुखांच्या कानावर घातलेलं बरं. ते कधी कधी केंद्रातल्या चार शाळा एकत्र करायचा प्रस्ताव ठेवतात. नम्रपणे टाळा. दोनशे मुलांपुढे गोष्ट सांगता येत नाही, भाषण करता येतं.

पहिली-दुसरीची मुलं आणि सहावी-सातवीची मुलं एकत्र बसवू नका. लहानांसाठी अर्धा तास पुष्कळ होतो, मोठ्यांसाठी पाऊण तास. त्यात वाचन दहा-बारा मिनिटांचं असावं, बाकी गप्पा. माइक हवाच असेल तर कॉलरला लावायचा मागा, म्हणजे पुस्तक धरायला आणि पान उलटायला दोन्ही हात मोकळे राहतात.

सत्काराचं आधीच बोलून घ्या. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, परिचयात तुमच्या नोकरीचा तपशील, मग उपस्थित मान्यवरांची नावं. एवढं होईपर्यंत पहिलीतली पोरं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागतात. फोनवर हसत हसत सांगायचं, "सत्कार शेवटी, मुलं गेल्यावर ऑफिसात करू या." चहाबरोबर तो उरकतो आणि कोणाचा मानही दुखावत नाही.

चित्रकाराला विसरू नका. चित्रमय पुस्तकाकडे मूल आधी चित्रामुळे ओढलं जातं आणि आपल्याकडे आमंत्रणपत्रिकेत मात्र त्या माणसाचं नाव नसतं. फलकावर दोघांची नावं घाला. जमलं तर दोघांनी मिळून जा. चित्रकार फळ्यावर चार रेघांत मांजर काढतो तेव्हा जी शांतता होते ती आपल्या वाचनाला कधीच मिळत नाही. हे पचवायला शिका.

ज्याने पैसे आणले नाहीत ते मूल

शाळाभेटीतला सगळ्यांत नाजूक भाग हा आहे आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. सहीसाठी रांग लागते. अर्ध्या मुलांच्या हातात पुस्तक असतं. उरलेली कडेला उभी असतात, किंवा वहीचं पान फाडून आणतात. खाजगी शाळेत हे थोडं झाकलं जातं, छोट्या गावात ठळक दिसतं.

यावर माझा नियम असा: वर्गाच्या वेळेत आणि वर्गाच्या खोलीत विक्री नाही. शाळेची परवानगी असेल तर आधल्या आठवड्यात पालकांसाठी एक चिठ्ठी पाठवायची. तिच्यात किंमत, सवलत आणि "घेणं ऐच्छिक आहे" हे वाक्य मोठ्या अक्षरांत. विक्री शाळा सुटताना फाटकाजवळ, पालकांना. वर्गात मात्र प्रत्येक मुलाला सही मिळेल अशी वस्तू आपण न्यायची. पुस्तकातल्या एका चित्राची जाड कागदाची खूणपट्टी छापून घ्या. प्रकाशकाला मुखपृष्ठ छापतानाच सांगितलं तर कागदाच्या उरलेल्या पट्टीत ती जवळजवळ फुकटात बसते. सही तिच्यावर, सगळ्यांसाठी, पुस्तक घेतलेल्यांसाठीसुद्धा. शिवाय दोन-तीन प्रती शाळेच्या वाचनपेटीला द्यायच्या आणि त्यांच्यावर "इयत्ता तिसरीसाठी" असं लिहायचं. एकट्या मुख्याध्यापकांच्या नावे दिलेली प्रत काचेच्या कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रतींचा हिशेब कार्यक्रमाआधी कागदावर असू द्या. प्रकाशकाकडून आणल्या असतील तर चलनावर, म्हणजे प्रतींसोबत येणाऱ्या कागदावर, आकडा, परतीची मुदत आणि लेखक-सवलत लिहून घ्या. दुकानदार विकणार असेल तर तुम्ही पैशाला हात लावू नका. सुट्टे पैसे न्या, क्यूआर कोड छापलेला न्या, आणि पैसे घ्यायला दुसरा माणूस बसवा. भाऊ, मैत्रीण, कॉलेजात जाणारी भाची, कोणीही चालेल. सही करणाऱ्याने पैसे मोजायचे नाहीत. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांच्या चित्रपुस्तकांवर आणि रंगवायच्या पुस्तकांवरही नाही. छापील किंमत हीच वरची मर्यादा, तिच्या वर काही लागत नाही, हे पैसे घेणाऱ्याला माहीत असू द्या; कोणी ना कोणी विचारतंच.

प्रत्यक्ष सही

कागद बघून पेन निवडा. मुलांची रंगीत पुस्तकं बहुधा गुळगुळीत आर्ट पेपरवर असतात. त्यावर जेल पेनची शाई वाळत नाही, पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही उमटते आणि मुलाचा अंगठा निळा होतो. साधं बॉलपेन किंवा बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर घ्या, आणि एका खराब प्रतीवर आधी करून बघा. आतलं अस्तराचं पान खरखरीत असेल तर सही तिथे. नसेल तर नाव-पानावर, चित्र सोडून. चित्रावर सही करायची नाही, चित्रकार काही म्हणाला नाही तरी.

नावांचा घोळ हा या कामाचा कायमचा भाग आहे. श्रेया की श्रिया, ऋशी की ऋषी, रियांश, हृधान, शनाया. कानाने ऐकून लिहिलंत तर दहात दोन चुकणार. इंग्रजी माध्यमातल्या काही मुलांना आपलं नाव देवनागरीत कसं लिहितात हे नक्की ठाऊक नसतं आणि ती आईकडे बघतात. आई बाबांकडे बघते. रांगेत एका स्वयंसेवकाला चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्या. तो नाव लिहून मुलाला दाखवेल, मूल मान हलवेल, चिठ्ठी पुस्तकात खोचली जाईल. तुमच्यापर्यंत येईतो वाद मिटलेला असतो. तरीही नाव चुकलं तर खोडाखोड नको. नवी प्रत द्या, चुकलेली प्रत पुढच्या शाळेत वाचून दाखवायला वापरा. एका घरातली दोन भावंडं एकच पुस्तक घेऊन आली तर दोघांची नावं लिहा, आणि धाकट्याचं आधी.

नावाखाली काय लिहायचं? "हार्दिक शुभेच्छा" मुलांना कंटाळवाण्या वाटतात. त्या वाढदिवसाच्या पाकिटावर असतात. पुस्तकातल्याच एखाद्या गोष्टीचा धागा घ्या. "तुझ्या खिशात काय आहे?" असा एक प्रश्न लिहिलेलाही चालतो. दोन-तीन वाक्यं आधीच ठरवून ठेवा, नाही तर चाळिसाव्या मुलापाशी डोकं रिकामं होतं. खाली तारीख आणि गाव. घरचा पत्ता किंवा फोन नंबर लिहायचा नाही.

एका मुलाला एक मिनिट धरलं तर तासाला साठ मुलं होतात. त्याच तासात दीडशे मुलांची रांग असेल तर ते मिनिट चोवीस सेकंदांवर येतं. अशा वेळी अर्ध्या प्रती आदल्या दिवशी घरी सही करून न्या आणि रांगेत फक्त नाव घाला.

बोलायचं काय, हा प्रश्न नव्यांना जास्त छळतो. "वाचायला आवडतं का?" हे विचारू नका. त्याला एकच शहाणं उत्तर आहे आणि मूल ते देऊन मोकळं होतं. "यातलं कोण तुला खोटारडं वाटलं?" असं विचारलं की मूल पान उघडून दाखवायला लागतं. काही मुलं बोलणारच नाहीत; त्यांना तसंच राहू द्या. मागून आई म्हणते, "सरांना ती कविता म्हणून दाखव ना!" तेव्हा मुलाच्या बाजूने उभं राहणं हे तुमचं काम. "आज मीच म्हणतो, तू ऐक," असं म्हटलं की सुटका होते, दोघांचीही.

मुलांना हातावर, प्लास्टरवर, शर्टावर सही हवी असते. प्लास्टरवर करा, ते त्याच्या अभिमानाचं असतं. अंगावर आणि गणवेशावर नको. फोटो काढायचे ते पालकांनी, आपल्या मुलाचे. वर्गाचा फोटो तुम्हाला कुठे टाकायचा असेल तर मुख्याध्यापकांकडून आणि पालकांकडून आधी होकार घ्या. चेहरे न दिसणारा, मागच्या बाजूने काढलेला फोटो बातमीला पुरतो.

निधीचा कार्यक्रम

चार कार्यक्रम झाले की कोणी तरी म्हणतं, "या विक्रीतून अमुक कामाला मदत करू या." चांगली कल्पना आहे. घोळ होतात ते हेतूपायी कमी, कागदपत्रांपायी जास्त.

पैसा तुमच्या खात्यात येऊ देऊ नका. हा पहिला नियम. नोंदणीकृत न्यास किंवा संस्था शोधा, फलकावर तिच्याच खात्याचा क्यूआर कोड लावा आणि पावत्या तिच्याच पावतीपुस्तकावर फाडा. संस्था नसताना, चार मित्रांनी मिळून धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१-क लागू होतं आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात जावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात ती हीच परवानगी. मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्याला विचारा, त्याला अर्ज तोंडपाठ असतो.

देणगीदार "८०-जी मिळेल का?" असं विचारतात, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत. संस्थेकडे ती मान्यता असेल तरच मिळेल, आणि रोख दोन हजारांच्या वरच्या देणगीवर मिळणार नाही. मोठी रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन घ्या. पुस्तकाची किंमत ही देणगी नव्हे. दीडशे रुपयांचं पुस्तक घेतलेल्याला दीडशेची देणगी-पावती मागता येत नाही. पुस्तक वेगळं, देणगी वेगळी, दोन टेबलं मांडा. आणि तुमचं मानधन तुम्ही दिलंत तरी करखात्याच्या हिशेबी ते आधी तुमचं उत्पन्न असतं. देणगीची पावती तुमच्या नावाने घ्या.

परदेशातला मावसभाऊ पैसे पाठवायला उत्सुक असतो. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती रक्कम एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. संस्थेकडे ती नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरावीक खातं नसेल तर घेताच येत नाही. तिकडच्या महाराष्ट्र मंडळातून आलेल्या रकमेलाही हेच लागू. संस्थेच्या खजिनदाराला आधी विचारा, भावाला नंतर "हो" म्हणा.

आता आकडे. समजा पुस्तक दीडशेचं आहे आणि तुम्हाला चाळीस टक्के सवलतीने, म्हणजे नव्वदला मिळतं. मागे साठ रुपये उरतात. ऐंशी प्रती विकल्या तर चार हजार आठशे. एवढ्यात एका वर्गाची वाचनपेटी चांगली भरते. वाचनालयाचं छप्पर होत नाही. म्हणून उद्दिष्ट तेवढंच बोला. फलकावर "उत्पन्नाचा काही भाग" असं गुळमुळीत लिहू नका. "प्रत्येक प्रतीमागे ६० रुपये अमुक शाळेच्या वाचनपेटीला" असं लिहा. लोक मोजून देतात आणि नंतर विचारतातही.

जुनी पुस्तकं जमवायच्या मोहिमेपासून सावध राहा. माळे साफ होतात आणि शाळेत येऊन पडतात अभ्यासक्रम बदललेली गाइडं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, अर्धे फाटलेले ज्ञानकोश. ते उचलून रद्दीत न्यायला शाळेलाच टेंपो करावा लागतो. त्यापेक्षा शिक्षकांकडून पन्नास पुस्तकांची यादी घ्या, ती एखाद्या दुकानात ठेवा आणि लोकांना यादीतलं एक नवं पुस्तक विकत घेऊन द्यायला सांगा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत निवडलेल्या पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात आणि ठरावीक काळाने आपसांत बदलल्या जातात. लहान प्रमाणावर दोन-तीन शाळांत तसंच करता येतं.

गंमत हवी असेल तर ग्रंथतुला करा. आपल्याकडे पुढाऱ्याला तोलायची प्रथा आहे. मुलाला मात्र तोलू नका, वर्षभर त्याला वजनावरून चिडवतील. शाळेची पितळी घंटा तोला. मुलांचं पातळ चित्रपुस्तक शंभर-सव्वाशे ग्रॅमचं धरलं तर आठ किलोच्या घंटेला चौसष्ट ते ऐंशी पुस्तकं लागतात, म्हणजे एक पेटी. काटा किराणा दुकानातून मिळतो आणि पारडं खाली जाताना सगळी शाळा आकडे मोजते.

निधी प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी असेल तर त्यांना फोन करून काय हवंय ते विचारा. बहुतेकदा उत्तर जुन्या चादरी, रद्दी वर्तमानपत्रं, तांदूळ आणि नसबंदी-लसीकरणाचा खर्च असं असतं. बिस्किटं नसतात. लोक मात्र बिस्किटांचेच पुडे आणतात.

पुस्तकातलं कुत्रं आणि घरातलं कुत्रं

मुलांना ते दोन्ही एकच वाटतात, म्हणून आग्रह होतो. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ वेळा कुत्र्याला घरी ठेवा. शाळेत पाहुण्यांचं स्वागत लेझीम आणि ढोलाने होतं. शंभर हात एकदम डोक्यावर येतात. एखाद्या मुलाला कुत्रं लहानपणी चावलेलं असतं, एखाद्याला केसांची अ‍ॅलर्जी असते, आणि ही दोन्ही मुलं लाजेने बोलत नाहीत.

दहाव्या वेळी न्यायचंच ठरलं, तर जागा लहान असावी, वेळ वीस मिनिटांच्या आतला आणि दुपारचं ऊन नसावं. रेबीजची लस दरवर्षीची चालू हवी आणि पुस्तिका बरोबर असावी. पट्टा एका मोठ्या माणसाच्या हातात, ज्याला दुसरं काहीही काम नाही. तुमच्या हातात नको, तुम्हाला सह्या करायच्या आहेत. दाराजवळ जागा घ्या म्हणजे कुत्र्याला निघता येईल. मुलांना आधी शिकवा: एकेकाने यायचं, मूठ खाली धरून हुंगू द्यायची, डोक्यावरून हात न फिरवता छातीला किंवा बाजूला खाजवायचं. कुत्रं सारख्या जांभया देतंय, ओठ चाटतंय, मान वळवतंय, शेपूट पायांत घालतंय, तर कार्यक्रम संपला. गुरगुरण्याची वाट बघायची नाही.

डबे बंद असू द्या. मुलं प्रेमाने भरवतात आणि शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट, कांदा हे तिन्ही कुत्र्याला विषासारखे आहेत. दात किंवा नख लागलंच, अगदी ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी पालकांसह दवाखान्यात जा. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळायचं नाही.

मांजर न्यायचं नाही. यात अपवाद नाही.

घरात पोपट असेल तर त्याच्याबरोबर लेखक म्हणून फोटो काढून पाठवू नका. आपला हिरवा देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, कितीही घरांत आजोबांच्या वेळपासून ठेवत आले असले तरी. पाठीवर चांदण्या असलेल्या कासवाचंही तेच. कार्यक्रमात प्राण्यांकडून कसरती करून घेणं वेगळ्या नियमांत बसतं. त्यासाठी भारतीय पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. "त्याला शेकहँड करायला लावा ना" असं आयोजक म्हणाले तर विषय बदला.

कुत्र्याऐवजी त्याचा पंजा न्या, म्हणजे शिक्का. कागदावर पंजाचा आकार काढून रबरी शिक्के करणाऱ्याकडे द्या. सहीशेजारी तो उमटवला की मुलांना तेवढं पुरतं. खऱ्या पंजाला शाई लावू नका, कुत्रं तो चाटतं.

दत्तक मेळावा पुस्तकाच्या कार्यक्रमाला जोडायचा मोह होतो, विशेषतः पावसाळा संपल्यावर, जेव्हा गल्लोगल्ली पिल्लं झालेली असतात. दोन्ही वेगळे ठेवा. गोष्ट ऐकून भारावलेलं मूल हट्ट करतं, पालक हो म्हणतात आणि पंधरवड्यात पिल्लू परत येतं, किंवा येतच नाही. नावं लिहून घ्या, निवाऱ्याच्या लोकांना घर बघायला जाऊ द्या, पिल्लू नंतर जाईल.

तुम्ही दौऱ्यावर असताना घरच्या जनावरांचं काय, हेही तारखेबरोबरच ठरवा. शेजारच्यांकडे किल्ली, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, जेवणाची वेळ लिहून. पुस्तकांचे गठ्ठे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवाल तर मांजर त्यात झोपणार, आणि झोपण्यापलीकडचंही करणार. झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट घ्या. पावसाळ्यात पुस्तकांत डांबरगोळ्या टाकायची आपली सवय मांजरीच्या जिवावर बेतू शकते. सिलिका जेलच्या पुड्या आणि सुकवलेला कडुनिंब ठेवा, क्रेट जमिनीपासून वर ठेवा, वाळवीकडे आठवड्यातून एकदा बघा.

नंतरचे दिवस

पहिल्या आठवड्यात तीन कामं उरका. संस्थेला किती प्रती गेल्या आणि किती रुपये जमा झाले याचा कागद, बँकेच्या नोंदीसह. तोच कागद शाळेच्या सूचनाफलकावर. शिक्षकांना दोन ओळींचं आभाराचं पत्र, त्यात एखाद्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख. आणि प्रकाशकाला विक्रीचा हिशेब.

मुलांची पत्रं आली तर प्रत्येकाला उत्तर द्या, पण शाळेच्या पत्त्यावर. पोस्टकार्ड चांगलं, ते शिक्षकांना वाचता येतं, त्यात लपवण्यासारखं काही नसतं आणि मुलाला पोस्टमनने आपलं नाव घेऊन दिलेलं पहिलं पत्र मिळतं. मूल आईच्या फोनवरून निरोप पाठवत असेल तर उत्तर आईला उद्देशून लिहा.

उरलेल्या प्रती परतीच्या मुदतीआधी प्रकाशकाकडे पोचवा, चलनावर सही-शिक्का घ्या. सही केलेल्या पण न विकलेल्या प्रती बहुतेक प्रकाशक परत घेत नाहीत. म्हणून किती मुलं येणार याचा अंदाज घेतल्याशिवाय घरी गठ्ठेच्या गठ्ठे सही करून ठेवायचे नाहीत, आणि ज्यांवर केली आहे त्या पुढच्या वाचनपेटीसाठी बाजूला काढायच्या.